बौद्धवाडीची स्मशानभूमी : साफसफाई, स्मरण आणि सातबारा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या अनेक गावांत बौद्धवाडीची स्मशानभूमी गावापासून वेगळी आहे. नवख्या माणसाला ती सापडत नाही. वाडीतल्या एखाद्या वयस्कर माणसाला सोबत न्यावे लागते. पायवाट संपते तिथे, सावित्रीला, गांधारीला किंवा काळ नदीला मिळणाऱ्या एखाद्या ओढ्याच्या काठी, रानमोडी आणि घाणेरीच्या जाळीत ती असते. काही ठिकाणी पत्र्याची शेड आणि सरणाचा लोखंडी सांगाडा दिसतो. बाकी जागेत दगडांच्या राशी. कोणत्या राशीखाली कोण, हे सांगू शकणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

आपल्या समाजात स्मरणाची कमतरता नाही. जयंती, स्मृतिदिन, पुण्यानुमोदन, आदरांजली सभा, २० मार्चला चवदार तळे, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. पण ज्या आजी-आजोबांच्या पिढीने हे सारे उभे केले, त्यांची माती जिथे आहे त्या जागेकडे आपण पुढच्या मयतापर्यंत फिरकत नाही. ती जागा राखणे हे श्राद्ध नव्हे, अंधश्रद्धाही नव्हे. उलट ती न राखल्याने नावे जातात आणि कधीकधी जागाही जाते. या लेखात त्या जागेचा इतिहास, धम्माची भूमिका, प्रत्यक्ष साफसफाई आणि कागदपत्रे यांविषयीची माहिती दिली आहे.

दफनाची जुनी रीत

धम्मदीक्षेपूर्वी महार समाजात मृताला पुरण्याची रीत मोठ्या प्रमाणावर होती. सरणाला लाकूड लागते आणि लाकडाला पैसा लागतो, हे त्याचे एक साधे कारण. यातला विरोधाभास मात्र साधा नाही. गावकीच्या कामांत मयताचा सांगावा गावोगावी पोचवणे हे महाराचे काम होते. दुसऱ्यांच्या सरणासाठी लाकडे वाहणे हेही त्याचेच काम. मोबदल्यात प्रेतावरचे वस्त्र हा त्याचा 'हक्क' मानला जाई. गावातल्या प्रत्येक मरणाची बातमी आणि लाकडे ज्याने वाहिली, त्याच्या स्वतःच्या मरणाला गावाच्या स्मशानात जागा नव्हती. ही व्यवस्था वतनाच्या नावाने चालली. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला, तेव्हा ती कागदावर संपली.

बाबासाहेबांच्या घरातली मरणेही या संदर्भात आठवावीत. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही त्यांची आणि माता रमाईंची चार लेकरे बालपणीच गेली. राजरत्न गेला १९२६ मध्ये. त्यानंतर आपले सहकारी दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी चार लेकरांना मूठमाती दिल्याचे दुःख मोकळे केले आहे. त्या मृत्यूला वर्षही झाले नव्हते, तेव्हा १९ आणि २० मार्च १९२७ ला ते महाडच्या परिषदेला उभे होते. चवदार तळ्याचा इतिहास सांगताना बोले ठराव (१९२३), महाड नगरपालिकेचा ठराव (१९२४), डिसेंबर १९२७ मधले मनुस्मृती दहन, १७ मार्च १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल हे सगळे आपण सांगतो. ओंजळभर पाणी पिणारा तो बाप आदल्या वर्षी मुलगा पुरून आला होता, हे सहसा सांगत नाही.

दीक्षेनंतर दहन वाढत गेले. आज या भागात दहन आणि दफन दोन्ही चालतात आणि धम्माची कोणत्याच प्रकाराला मनाई नाही. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी अजूनही पुरतात. पावसाळ्यात ओले लाकूड पेटत नाही, ओढा ओलांडता येत नाही. अशा वेळी दफनाचाच मार्ग उरतो. म्हणून एकाच जागेत जुन्या राशी, नव्या कबरी आणि सरणाची जागा शेजारी शेजारी असतात. साफसफाईला उतरताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण जी जमीन रिकामी वाटते ती बहुधा रिकामी नसते.

श्राद्ध नको, मग स्मरण कसे?

तरुण कार्यकर्त्यांकडून पहिला आक्षेप इथेच येतो आणि तो योग्य आहे. बावीस प्रतिज्ञांमधली सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. मग कबरीवर फुले वाहणे, मेणबत्ती लावणे ही मागल्या दाराने आलेली पितृपूजा नाही का?

फरक कशात आहे ते पाहू. श्राद्धात तीन गोष्टी गृहीत असतात: मेलेल्याला भूक लागते, ती भागवायला मध्यस्थ लागतो आणि न भागवल्यास तो पिडतो. जागा झाडण्यात यातले काहीच नाही. तिथे कोणी जेवायला येणार नसते, कोणाला दक्षिणा द्यायची नसते आणि झाडले नाही म्हणून कोणी भूत होऊन मानगुटीवर बसत नाही. झाडणाऱ्याला तेवढे वाटत राहते की आपण ज्यांच्या कष्टावर उभे आहोत ते इथे आहेत.

धम्मसाहित्यात याला आधार भरपूर आहे. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात आईवडिलांप्रती मुलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यातले शेवटचे कर्तव्य ते गेल्यानंतरचे आहे. त्यांच्या नावे दान देणे, म्हणजे जिवंतांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी करणे. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आनंदाला सांगतात की चार प्रकारच्या व्यक्ती स्तूपाला पात्र असतात. कारणही देतात: तो पाहून लोकांचे चित्त प्रसन्न होते. लाभ पाहणाऱ्याचा आहे, गेलेल्याचा नाही. विनयपिटकाच्या 'परिवार' ग्रंथात तर जागा झाडण्याचेच पाच लाभ सांगितले आहेत. त्यात झाडणाऱ्याचे चित्त प्रसन्न होणे आणि पाहणाऱ्याचे चित्त प्रसन्न होणे हेही आहेत.

आणि स्मशान ही धम्मात अशुभ जागा नाहीच. पालीत त्याला 'सुसान' म्हणतात. तिथे राहून साधना करणाऱ्या भिक्खूला 'सोसानिक' हे नाव आहे आणि तेरा धुतांगांमध्ये या व्रताची गणना होते. सतिपट्ठान सुत्तात प्रेताच्या नऊ अवस्थांवर चिंतन सांगितले आहे. संध्याकाळनंतर स्मशानाकडे जायचे नाही, बायकांनी जायचे नाही, गरोदर बाईने तिकडे पाहायचेही नाही, या समजुतींना धम्मात कुठलाच आधार नाही. आपल्या वाड्यांत त्या अजून आहेत. बौद्ध घरांतल्या लेकी आता खांदा देतात, अंत्यविधीला उभ्या राहतात. तरीही साफसफाईची हाक गेली की पुरुषच जमतात आणि बाया चहा-नाश्त्यापुरत्या. हे बदलायला हवे.

महाराष्ट्राच्या डोंगरांत याचे पुरावेच कोरलेले आहेत. भाजे लेण्यांत चौदा छोट्या स्तूपांचा समूह आहे. ते तिथे होऊन गेलेल्या थेरांची स्मारके आहेत आणि काहींवर नावेही कोरली आहेत. कान्हेरीला एका लांब कपारीत विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत. तेही तिथल्या भिक्खूंचे, म्हणजे एका संघाचे स्मशानच. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या माणसाची जागा खुणेने आणि नावाने जपणारे हे लोक आत्मा मानत नव्हते. महाडजवळ गांधारपाले लेणी महामार्गावरूनच दिसतात. तिथल्या ब्राह्मी लेखांत काणभोज विष्णुपालित या राजपुत्राचे नाव दाता म्हणून आले आहे, तर दुसऱ्या लेखात लेण्याबरोबर शेतजमीन दिल्याची नोंद आहे. वास्तू द्यायची तर तिच्या देखभालीची सोयही द्यायची, ही जाण त्या दात्याला होती. आपण स्मशानाला शेड देतो आणि विसरतो.

जगातल्या बौद्ध समाजांतही ही रीत आहे. जपानी कुटुंबे ओबोनला आणि दोन्ही हिगानला, म्हणजे वसंत आणि शरद संपाताच्या सुमारास, कबरीवर जातात. दगडावर पाणी ओतून तो घासतात, तण काढतात, फुले ठेवतात. चीनमध्ये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छिंगमिंगला कबरी झाडायचा दिवस असतो. तो मुळात बौद्ध सण नाही, पण तिथले बौद्धही पाळतात. श्रीलंकेत कबरीपेक्षा दानावर भर आहे. सातव्या दिवशी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने भिक्खूंना दान देऊन पुण्य अर्पण करतात. आपली रीत श्रीलंकेच्या जवळची आहे.

जलदान विधी

कोकणात बाराव्या-तेराव्याच्या जागी जो विधी होतो त्याला जलदान विधी म्हणतात. पत्रिकेवर 'जलदान विधी व आदरांजली सभा' असे छापलेले असते आणि गेलेल्या व्यक्तीच्या नावाआधी 'कैलासवासी' किंवा 'स्वर्गीय' न लिहिता 'कालकथित' लिहितात. काळाने ज्याचे आयुष्य संपले तो कालकथित. कैलास नाही, स्वर्ग नाही. एका शब्दाने केवढा फरक केला ते पाहावे. बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील देतात, पुण्यानुमोदनाच्या गाथा म्हणतात आणि पाण्याची धार सोडली जाते. नद्या भरून वाहतात आणि सागर भरतात, तसे इथे दिलेले तिथे पोचते, ही त्या पाण्यामागची उपमा खुद्दकपाठातल्या तिरोकुड्ड सुत्तातली आहे.

त्या सुत्तात प्रेतयोनीतल्या नातलगांचा उल्लेख आहे आणि त्यामुळे काही कार्यकर्ते जलदान हे नाव व विधी दोन्ही सोडावेत असे म्हणतात. वाद जुना आहे. माझे मत असे: पाणी मेलेल्याला पोचते असे सांगून धार सोडली तर ते पिंडदानाचेच भावंड आहे. पाण्याची उपमा समजावून, त्याच्या नावाने विहाराला, शाळेला किंवा एखाद्या मुलीच्या शिक्षणाला दान जाहीर केले तर तो सिगालोवादातला विधी आहे. कोणता करायचा हे बौद्धाचार्यांच्या दोन वाक्यांवर ठरते. म्हणून त्यांनी ती दोन वाक्ये बोलावीत. नाहीतर सभेत पंधरा वक्ते राजकारणावर बोलतात आणि कालकथितांचा उल्लेख आभारप्रदर्शनात येतो.

विधी संपला की माणसे मुंबईची गाडी धरतात. स्मशानाकडे पुन्हा कोणी जायचे, ही जबाबदारी कोणाकडेच नसते. विहारातल्या प्रत्येक पंख्यावर, खुर्चीवर, टोपावर 'यांच्या स्मरणार्थ' लिहिलेले असते, आणि ज्यांच्या स्मरणार्थ पंखा फिरतो त्यांच्या मातीवर एक दगडही सरळ उभा नसतो.

कोणाची नावे राहिली

भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत. त्यांत 'नाक' या प्रत्ययाने संपणारी महार सैनिकांची नावे आपण दरवर्षी वाचतो. ती वाचता येतात, कारण कोणीतरी ती दगडात लिहून ठेवली.

महाडजवळच्या रावदळचे गोपाळबाबा वलंगकर आपल्या चळवळीतले आरंभीचे लेखक. लष्करातून निवृत्त झाल्यावर १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे हे गृहस्थ १९०० मध्ये गेले. त्यांचे नाव ग्रंथांमुळे राहिले. १९२७ च्या परिषदेसाठी राबणारे रामचंद्र बाबाजी मोरे यांचे नाव त्यांच्या आत्मकथनामुळे राहिले. पण त्या दिवशी आजूबाजूच्या वाड्यांतून भाकरी बांधून चालत आलेले, तळ्यावर गेलेले, नंतर मंडपात आणि रस्त्यात मार खाल्लेले शेकडो लोक कोण होते? घरोघरी 'आमचे पणजोबा होते' असे सांगतात. त्यातले बहुतेक याच दोन तालुक्यांतल्या आणि शेजारच्या मंडणगड, खेड, दापोली, माणगावच्या स्मशानांत आहेत, दगडांच्या राशींखाली. २० मार्चला बाहेरून लाखो लोक महाडला येतात. या वाड्यांतल्या तरुणांना त्या आठवड्यात आपल्याच वाडीतली ती एक रास शोधता येईल.

साफसफाई : केव्हा आणि कशी

वर्षातून दोनदा पुरते. पहिली वेळ पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात. तेव्हा गवत कमरेएवढे वाढून वाळू लागलेले असते आणि दगडांवरचे शेवाळ सुकते. दुसरी वेळ मे महिन्यात. मुंबईकर मंडळी गावी असतात, बुद्ध पौर्णिमा बहुधा याच महिन्यात येते, आणि पावसाआधी वाट, चर आणि शेड पाहून घेणे गरजेचे असते. बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या रविवारी सकाळी स्मशानभूमी आणि त्यानंतर विहार, असा क्रम ठरवला तर वेगळी हाक द्यावी लागत नाही.

कोयता, विळा, कुदळ, फावडे, घमेली, दोर, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी न्यावी. पायांत बूट आणि हातांत मोजे असल्याशिवाय कोणाला जाळीत उतरू देऊ नये. या भागात फुरसे आणि घोणस दोन्ही आहेत आणि त्यांना दगडांच्या राशी फार आवडतात. आधी काठीने आपटत जावे, राशीतल्या फटीत हात घालू नये. सर्पदंश झालाच तर मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता महाडच्या ग्रामीण रुग्णालयाचा किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता धरावा. गाडी आणि चालक सकाळीच ठरवून ठेवावा.

काही गोष्टी टाळायच्या आहेत. तण पेटवून देऊ नये. ते सोपे वाटते, पण वणवा डोंगरावर चढतो आणि लाकडी खुणा, फळ्या, कोवळी झाडे सगळे जाते. जेसीबी आत घालू नये. एका तासात जागा सपाट दिसते आणि त्याबरोबर सगळ्या राशीही सपाट होतात, मग कोण कुठे होते ते कायमचे संपते. दुर्दैवाने हे 'सुशोभीकरण' म्हणून केले जाते. रानमोडी आणि घाणेरी मुळासकट उपटावी, नुसती छाटली तर पावसात दुप्पट येते. जुन्या राशीतला दगड सरकला असेल तर तिथेच परत ठेवावा, दुसऱ्या राशीला देऊ नये. अर्धवट जळलेली लाकडे, कापूर-अगरबत्तीची पाकिटे, प्लास्टिकचे हार आणि बाटल्या वेगळ्या गोळा करून गावात आणाव्यात. ओढ्यात काही जाऊ देऊ नये, खालच्या वाडीची विहीर त्याच ओढ्यावर असते.

दगडांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. काही घरांनी जांभ्याचे चिरे उभे केले आहेत. जांभा सच्छिद्र असतो. त्यावर कोरलेली अक्षरे कोकणच्या पावसात काही वर्षांत बुजतात. त्याला तारेचा ब्रश किंवा ॲसिड लावले तर वरचा थरच निघतो. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. अक्षरे पुसट असतील तर त्यांत रंग भरण्याआधी फोटो काढावा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडते तेव्हा दगड ओला करून काढलेल्या फोटोत बुजलेली अक्षरेही वाचता येतात. नवी खूण करायची असेल तर जांभ्याच्या चिऱ्यात काळ्या दगडाची छोटी पाटी बसवणे टिकाऊ आणि स्वस्त. पाटीवर नाव, जन्म आणि निधनाचे वर्ष, वाडीचे नाव. बस. अलीकडे टाइल्स लावलेले ओटे आणि छत्र्या दिसू लागल्या आहेत. ज्यांच्याकडे मुंबईचा पैसा आहे त्यांचा ओटा मोठा आणि शेजारच्या विधवा आजीची रास तशीच. मेल्यानंतरही उतरंड मांडायची असेल तर चवदार तळ्यावर गेलो कशाला? शिवाय जागा मोजकी असते, आज बांधलेला ओटा उद्याच्या मयताची जागा अडवतो. सर्वांचा दगड एकाच मापाचा, असा ठराव वाडीने करावा.

राखेचा प्रश्न त्याला जोडूनच येतो. बरीच घरे आता राख नदीत न सोडता झाडाच्या खड्ड्यात घालतात. ही चांगली सोय आहे, मात्र झाड कुठे लावायचे ते आधी ठरवावे. पिंपळ आणि वड कडेला, बांधावर. कबरींच्या मध्ये लावले तर त्यांची मुळे दगड उचलतात. आत पांढरा चाफा, सोनचाफा, बकुळ अशी झाडे बरी. लावल्यावर पहिली दोन वर्षे एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार त्याचे नाव लिहून ठेवल्याशिवाय खड्डा खणू नये.

जागा कोणाच्या नावावर आहे?

स्वच्छता मोहिमेचे फोटो सगळे टाकतात, सातबारा कोणी काढत नाही. कोकणात जमिनी दीर्घकाळ खोतांच्या ताब्यात होत्या. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, कायदा १९४९ मध्ये झाला. पिढ्यान्‌पिढ्या आपण जिथे माणसे पुरतो ती जागा आजही एखाद्या खाजगी मालकाच्या सातबाऱ्यावर असू शकते. मालक बदलतो, शहरातला खरेदीदार येतो, कुंपण पडते, आणि मग मयत घेऊन वाटेत उभे राहण्याची वेळ येते. महामार्गाच्या, धरणाच्या किंवा रस्ता रुंदीकरणाच्या भूसंपादनातही कागदावर नसलेले स्मशान हिशेबात येत नाही.

म्हणून आधी गट क्रमांक शोधावा. तलाठ्याकडे गाव नकाशा पाहावा, महाभूलेखवर सातबारा काढावा, मालकाचे नाव आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचावा. जमीन सरकारी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी दहन-दफनभूमीसारख्या सार्वजनिक कामासाठी ती राखून ठेवू शकतात. तसा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह करावा. खाजगी असेल तर मालकाशी बोलून दानपत्र किंवा खरेदी, आणि ते जमत नसेल तर वापर किती जुना आहे याचे पुरावे गोळा करणे. जुन्या मयतांचे मृत्यू दाखले, दगडांचे फोटो, शेजारच्या गावांतल्या वयस्करांचे जबाब हे सारे तेव्हा उपयोगी पडते. पुढचा सल्ला वकिलाचा घ्यावा. हद्द वादात असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि खुणा कायमच्या रोवाव्यात.

दहन-दफनभूमीची देखभाल ग्रामपंचायतीच्या कामांतच मोडते. शेड, वाट, कुंपण, पाणी यासाठी जनसुविधा योजनेतून निधी मागता येतो. १ मे ला ग्रामसभा असते आणि त्याच सुमारास मुंबईकर गावात असतात. मागणी तोंडी करू नये, लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

कोणी अडवलेच, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातले कलम ३(१) चे 'झेड-ए' हे उपकलम वाचावे. २०१५ च्या दुरुस्तीने ते आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने दफनभूमी किंवा दहनभूमी वापरण्यास बिगर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीने अडथळा आणणे हा गुन्हा आहे. त्याच वाक्यात पुढे नदी, झरा, विहीर, तलाव येतात. म्हणजे चवदार तळ्याचे पाणी आणि आपले स्मशान कायद्याने एकाच ओळीत बसवले आहे. भावना दुखावण्याच्या किंवा धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने दफनभूमीत घुसणे, तिची विटंबना करणे यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३०१ आहे. ते कोणत्याही समाजाच्या जागेला लागू होते.

ज्यांची माती मिळाली नाही

या दोन तालुक्यांत असे नातलगही आहेत ज्यांना झाडायला जागाच नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळीये इथे दरड कोसळली आणि काही दिवसांनी शोध थांबवून न सापडलेल्यांना मृत घोषित करावे लागले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडींखाली माणसे गेली. सावित्रीच्या पुरातल्या काहींचा आणि तळीयेच्या अनेकांचा देह मिळालाच नाही. यात सर्व समाजांची माणसे होती.

अशा घरांत पुण्यानुमोदन होते, पण पुढे दरवर्षी जायचे कुठे हा प्रश्न राहतो. एखाद्याची माती सापडली नाही म्हणून वाडीच्या स्मशानभूमीत त्याची पाटी असू नये असा धम्मात कोणताच नियम नाही. बहुतेक स्तूपांत धातू नसतात, तरी ते स्तूपच असतात. त्याच मापाचा दगड, नाव, वर्ष आणि 'देह मिळाला नाही' एवढे शब्द.

नोंदवही

या सगळ्यात सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत तातडीचे काम हेच. दोनशे पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर स्मशानभूमीचा हाताने काढलेला नकाशा: ओढा, वाट, मोठी झाडे, शेड. प्रत्येक राशीला क्रमांक द्यावा आणि तोच नकाशात लिहावा. मग वाडीतल्या सगळ्यांत वयस्कर तीन-चार माणसांना, त्यांत निदान दोन आजींना, सोबत नेऊन किंवा डोलीत बसवून एकेका राशीपाशी थांबावे. आजींना घ्यायचे कारण असे की पुरुष आडनाव आणि पद सांगतात. कोणत्या पावसात गेला, कोणते पोर पोटात होते, कोणत्या गिरणीत होता, हे बायकांना आठवते. त्यांचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करावे आणि त्याच रात्री वहीत उतरवावे. प्रत्येक क्रमांकापुढे नाव, आईचे नाव, माहेर, अंदाजे वर्ष, कशाने गेले, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहावे, तिथल्या तिथे निवाडा करू नये. नवे मयत झाले की २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करावी आणि त्याच दिवशी वहीतही ओळ घालावी.

वहीची एक प्रत विहारात, एक मुंबई मंडळाकडे, एक ग्रामपंचायतीला पत्रासोबत. फोटो काढून गटावर टाकले तर ते वर्षभरात फोनबरोबर जातात, म्हणून छापील प्रत हवीच.

बऱ्याच राशींपुढे नाव येणार नाही. तिथे ओळ रिकामी सोडू नये. जे माहीत आहे ते लिहावे: 'बाई. बाळंतपणात गेली. माहेर पोलादपूरकडचे.' किंवा 'पुरुष. नाव कोणाला आठवत नाही. तळ्यावर गेले होते असे घरात सांगतात.'